ब्याड

आमच्या वॉर्डाच्या इन्चार्ज सरजाबाई सिस्टर नव्या पोरींना पहिल्याच दिवशी एक सल्ला देतात. तो मला आजवर पटलेला नाही. "पोराचं नाव ध्यानात ठेवू नको गं, बेड नंबर ध्यानात ठेव. नावाला जीव लागतो, नंबराला न्हाई लागत." आणि स्वतः राऊंडला निघाल्या की पोरापोराला नावानं हाका मारत फिरतात. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

बाकीचे सल्ले मात्र सोन्यासारखे आहेत. रडणाऱ्या पोराला भिऊ नको, रडायचं थांबलं की भी. नस दोनदा चुकली तर हट्ट धरू नको, दुसरीला बोलाव. पोराचा हात म्हणजे तुझ्या परीक्षेचा पेपर नव्हे. सलाईनच्या हाताखाली पुठ्ठा बांधशील तेव्हा त्याची कड आधी चुरगाळून मऊ कर. आई पोराला म्हणाली की 'गप, न्हाईतर सिस्टर सुई देईल', तर आईलाच झाप, कारण उद्या ते पोर तुला बघून ताप चढवून घेईल. आणि शेवटचा सल्ला, जो त्या हळू आवाजात देतात: वर कुणी चौकशी केली तर विचारलं तेवढंच सांग. शहाणी होऊ नको.

हा शेवटचा सल्ला मी पाळला नाही. त्याचीच ही गोष्ट आहे.

मी लुंबिनी. माहेर देगलूरकडचं. आई सीमेपलीकडची, औरादजवळच्या खेड्यातली. त्यामुळं आमच्या घरात बापाची मराठी आणि आईची कानडी एका ताटात जेवायची. नांदेडात मी ज्या दवाखान्यात आहे त्याचं नाव सांगत नाही. ट्रस्टचा दवाखाना आहे. खाली ट्रस्टींचे हार घातलेले फोटो, वर लहान मुलांचा जनरल वॉर्ड. साथीच्या दिवसांत एका बेडवर दोन-दोन पोरं झोपवतो, एकाचं डोकं दुसऱ्याच्या पायाशी. तेही संपलं की आया बाकावर पोर मांडीवर घेऊन बसतात आणि येता-जाता आमचा पदर धरतात. कुणी बेड म्हणतं, कुणी ब्येड, कुणी ब्याड. दिवसभर तो एक शब्द ऐकून कान किटतात. पोराला जुलाब किती झाले हे विचारलं तरी उत्तर येतं, "सिस्टर, तेवढं बेडचं बघा ना."

समीक्षा आमच्यात आली ती मुखेडहून. कंत्राटावरची पोरगी, पण हात असा की गुबगुबीत पोराच्या मनगटावर जिथं आम्हाला कणकेच्या गोळ्याशिवाय काही दिसायचं नाही तिथं ती बोट फिरवून नस काढायची. हातमोज्यात हवा भरून त्यावर डोळे काढायची आणि पोर त्याच्याकडं बघत असतानाच सुई आत. पोर रडायचंच विसरायचं. मला ती ताई म्हणायची. डबा आम्ही एकत्र खायचो, ती तिच्या आईच्या हातची ज्वारीची भाकरी मला द्यायची आणि माझी पोळी स्वतः घ्यायची. मला ती पोरगी मनापासून आवडत होती, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर पुढचं ऐकून लोक म्हणतात, हिचं काही जुनं वैर असणार.

त्या दिवशी मी दुपारपाळीला आले तर जिन्यातच मला वॉर्डाचा आवाज वेगळा वाटला. लहान मुलांचा वॉर्ड इतका गप नसतो. आत गेले तर खिडकीजवळच्या बेडभोवती डॉक्टर, सरजाबाई आणि समीक्षा. पर्स कोपऱ्यात फेकून मी श्वास द्यायचा फुगा दाबायला घेतला. तीन वर्षांची पोरगी होती, आरती नाव. न्यूमोनियासाठी सकाळी दाखल झालेली. अंगभर लाल गांधी उठलेल्या, ओठ सुजलेले, श्वासाची नळी आतून आवळलेली. इंजेक्शनची रिॲक्शन. द्यायचं ते सगळं औषध दिलं होतं, वेळेवर दिलं होतं. पण पोरगी राहिली नाही.

कितीही वर्षं झाली तरी हात फुग्यावरून काढायची वेळ आली की मला राग येतो. रडू नंतर येतं, आधी राग. कुणावर ते कळत नाही. त्या दिवशी डॉक्टरांनी "बस" म्हटलं तेव्हा मी फुगा ट्रेमध्ये इतक्या जोरात टाकला की सरजाबाईंनी माझ्याकडं वळून बघितलं.

कपडे बदलायच्या खोलीत समीक्षा भिंतीला टेकून बसली होती.

"ताई, मी हळूहळूच दिलं. जसं शिकवलं तसंच."

"कागदावर ॲलर्जी लिहिली होती?"

"न्हाई. नाही असं लिहिलंय. डॉक्टरांनी बापाला विचारलं होतं, माझ्यासमोर. त्यो म्हणला काय न्हाई."

"आणि आई?"

"आईला कोण विचारतंय! ती गपच होती. मी औषधाची बाटली हलवायला लागले तशी एकदम उठली. पोरीला बेडवरून ओढून मांडीवर घेतलं आणि बेड बेड करायला लागली. माझा हात धरला. मी म्हणलं, ताई, संध्याकाळी एक बेड रिकामा होतोय, तुम्हालाच देते, आता पोरीचं औषध होऊ द्या. आणि दिलं." मग ती गुडघ्यात डोकं घालून रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. तिची चूक शोधत होते, खरं सांगते, आणि सापडत नव्हती.

बाहेर व्हरांड्यात पोरीचे घरचे होते. लोह्याकडच्या एका गावचे शेतकरी, घरचं रान कसणारे. बाप रामलिंग, त्याची आई धोंडाबाई, आणि पोरीची आई शिल्पा. शिल्पा कर्नाटकातली, हुमनाबादकडची. आजकाल आमच्याकडं पोरांना पोरी मिळेनात, म्हणून सीमेपलीकडून सुना आणतात. आणली की पहिला नियम: घरात कानडी बोलायचं नाही. चार वर्षांत ती मराठी चांगली बोलायला शिकली होती.

"तू तिथं बसून काय करून राहिली होतीस?" धोंडाबाई तिच्यावर ओरडत होती. "तोंडाला कुलूप होतं का? लोह्याच्या दवाखान्यात असंच झालतं म्हणतीस, मंग सांगाया काय झालं?"

"सांगितलं की आत्या. मी नको म्हणले. त्या बाईचा हात धरला, नको नको म्हणले."

समीक्षा दारात उभी होती. तिला राहवलं नाही. "नको कुठं म्हणालात, ताई? तुम्ही तर बेड मागत होतात."

त्याच बेडवर जिचं पोर पायाशी झोपलं होतं ती बाईही मध्ये पडली. "हाव, म्या बी ऐकलं. बेड बेडच म्हणून राहिली होती."

शिल्पा दोघींकडं बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी अजून विसरले नाही. आपण जे बोललो ते आपल्याच डोळ्यांदेखत कुणीतरी बदलून टाकलं, असं बघत होती ती. "न्हाई वो," ती म्हणाली. "देवाशपथ. मी नको म्हणले."

"ऐकलं का रामलिंग?" धोंडाबाई लेकाकडं वळली. "पोरीचा जीव जाऊन राहिला होता आन् हिला लोळाया बेड पायजे होता. वरून खोटं बोलती. असली बाई मला घरात नको. हिथूनच हिच्या बापाला फोन लाव." रामलिंग खाली मान घालून चपलेच्या अंगठ्यानं फरशी खरवडत होता.

मला त्या म्हातारीच्या अंगावर जावंसं वाटलं, पण जाऊन बोलणार काय? समीक्षा खोटं बोलणारी नव्हती. शेजारची बाई कशाला खोटं बोलेल? आणि शिल्पाचा चेहराही खोट्याचा नव्हता. एकाच वेळी सगळेच खरे कसे, हे डोक्यात घोळवत मी खालून चहा घेऊन आले. दुसरं काही सुचलं नाही की आम्ही नर्सा चहा देतो.

शिल्पा भिंतीकडं तोंड करून बसली होती. मी कप पुढं केला. तिनं वर न बघताच हातानं बाजूला सारला.

"ब्याड," ती म्हणाली.

"नको म्हणती ती," रामलिंग म्हणाला. "तिच्या गावाकडं असंच म्हणतेत." त्यानं माझ्या हातातून तो कप घेतला आणि स्वतः प्यायला लागला.

ब्याड. नको. पुस्तकी कानडीत बेड, आमच्या सीमेकडच्या तोंडात ब्याड. माझी आई दिवसातून किती वेळा म्हणायची, भात वाढायला गेलं की ब्याड, डोक्याला तेल लावू का तर ब्याड. ही बाई सुईवर झडप घालून नको नको म्हणत होती आणि अख्खा वॉर्ड ते बेड बेड असं ऐकत होता. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिला स्वतःला माहीत नव्हतं की ती कोणत्या भाषेत बोलली. तिला वाटत होतं आपण मराठीतच बोललो. जीव घाबरला की माणूस आईच्या भाषेत ओरडतो, आणि ओरडणाऱ्याला ते ऐकू येत नाही.

मी रामलिंगकडं बघितलं. तो चहा फुंकून पीत होता. त्यानं आत्ताच मला त्या शब्दाचा अर्थ सांगितला होता.

मी तशीच सरजाबाईंकडं गेले. त्या औषधाच्या कपाटाजवळ उभ्या होत्या, डोळे लाल. सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी कपाटाचं दार हळूच लावलं.

"कुणाला सांगितलंस?"

"कुणाला नाही."

"नगं सांगू. हे बघ लुंबिनी, आत्ता काय हाय? रिॲक्शन हाय. कुणाच्या बापाला कळत न्हाई कवा येईल. बापानं न्हाई म्हणलं, डॉक्टरनं लिहिलं, पोरीनं दिलं. कुणाचाच दोष न्हाई. तू त्यो शब्द काढलास की काय होईल? आई नको म्हणत होती तरी नर्सनं सुई टोचली. एवढंच ऱ्हाईल. भाषा-बिषा कोण बघतंय?"

"आणि ती बाई? तिला घरातून काढून राहिलेत."

"ती बाई आज रडणार, उद्या बी रडणार. तिची पोरगी तू आणून देणार हाईस का? मेलेल्याचा न्याय कराया जाऊन जित्याला मारू नको. समीक्षा आपली हाय." सरजाबाई दुष्ट नाहीत. माझं लेकरू आजारी होतं तेव्हा माझ्या पाळ्या याच बाईनं केल्या. म्हणूनच मला त्यांच्याशी भांडता येईना. मी गप्प बसले. समीक्षालाही काही बोलले नाही. तिला कळलं तर ती कोलमडेल, असं मी मनाला समजावलं.

रामलिंगच्या भावकीतले लोक जमले, आता काचा फुटतात की काय असं झालं. तेव्हा ट्रस्टचे शेषेराव साहेब स्वतः आले, हात जोडले आणि चौकशीचं कबूल केलं. पुढच्या आठवड्यात त्यांच्या केबिनमध्ये सगळ्यांना बोलावलं. साहेब, मोठे डॉक्टर, आणि ट्रस्टचा वकील टेबलाच्या पलीकडं. अलीकडं रामलिंग, धोंडाबाई, शिल्पा. आम्ही तिघी भिंतीला लागून उभ्या. खुर्च्या होत्या, पण नर्सांना बसा म्हणायची तिथं पद्धत नाही.

डॉक्टरांचं झालं. बापाला विचारलं, बाप नाही म्हणाला, कागद बघा. साहेबांनी मान डोलावली. समीक्षाचं झालं. जे मला सांगितलं तेच तिनं सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडं नाही. मग साहेब शिल्पाकडं वळले.

"बाई, तुम्ही बेड मागत होता?"

"न्हाई साहेब. मी नको म्हणले. लोह्याला बी असलीच बाटली होती, पांढरी भुकटी, पाणी घालून हलवलेली. तवा अंगावर गांधी उठल्या होत्या. मी ह्यान्ला सांगितलं होतं." तिनं नवऱ्याकडं बोट केलं.

"गांधी उष्णतेनं बी उठतेत," रामलिंग पुटपुटला.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" वकिलानं विचारलं.

"तसं न्हाई साहेब. त्या टायमाला मी गावात होतो. हीच होती तिथं. आता ही काय सांगती, काय न्हाई..." आणि तो थांबला. थांबला म्हणजे काय, बायकोला तिथंच सोडून दिलं त्यानं.

धोंडाबाईनं संधी साधली. "साहेब, हिचं काय ऐकता? सगळ्या वॉर्डानं ऐकलं. बेड मागून राहिली होती. माझी नात हिच्यामुळं गेली आन् आता दुसऱ्यावर ढकलती. आमी हिला आजच हिच्या माहेरी घालून येणार हाव."

वकील कागदावर काही लिहायला लागला. मोठे डॉक्टर घड्याळ बघत होते. शिल्पा कुणाकडंच बघत नव्हती. तोंडातल्या तोंडात म्हणत होती, नको म्हणले, नको म्हणले. आणि तिचा आवाज आता आधीसारखा पक्का नव्हता. एवढे सगळे म्हणतात तर आपण खरंच बेड मागितला असेल का, असं तिला वाटायला लागलंय, हे मला तिच्या तोंडावर दिसलं. हे मात्र मला सहन झालं नाही. पोर गेलेल्या बाईकडून तिनं पोरासाठी केलेली एकमेव गोष्टसुद्धा काढून घ्यायची?

"रामलिंगराव," मी म्हणाले, "त्या दिवशी मी चहा दिला, तेव्हा ह्या काय म्हणाल्या?"

सरजाबाईंनी मागून माझा पदर ओढला.

"मला न्हाई आठवत," रामलिंग म्हणाला.

"तुम्हीच मला अर्थ सांगितला. त्यांच्या गावाकडं असंच म्हणतात म्हणालात. काय म्हणतात?"

मग शिल्पानंच मान वर केली. माझ्याकडं बघितलं, आणि सावकाश, पहिल्यांदाच कानावर पडावा तसा तो शब्द उच्चारला. "ब्याड?"

"साहेब," मी म्हणाले, "ब्याड म्हणजे कानडीत नको. ह्या नकोच म्हणत होत्या. ऐकणाऱ्यांना बेड ऐकू आलं. दोघीही खरं बोलतायत."

मला वाटलं होतं, आता काहीतरी सुटेल. भाबडी कुठली! आधी समीक्षाकडं लक्ष गेलं. तिच्या डोळ्यांपुढं ते सगळं परत घडत होतं: आईनं धरलेला हात, नको नको, आणि आपलं गोड हसून "संध्याकाळी देते". ती खाली बसली, जिथं उभी होती तिथंच, फरशीवर.

आणि शिल्पा? तिला मी खरं मिळवून दिलं ना. तिनं दोन्ही हात तोंडावर घेतले. "मी कानडीत बोलले व्हय?" ती नवऱ्याला विचारत होती. "मराठीत म्हणले असते तर त्या थांबल्या असत्या व्हय?" उत्तर धोंडाबाईनं दिलं.

"किती येळा सांगितलं होतं हिला. त्यो कानडी बडबडाट बंद कर म्हणून. गिळला असता त्यो शब्द तर आज पोरगी असती."

चौकशीचा निकाल दोन ओळींचा लागला. संबंधित परिचारिकेनं नातेवाइकाच्या विरोधाची खातरजमा न करता इंजेक्शन दिलं, सबब तिचं कंत्राट रद्द. डॉक्टरांना काही नाही, त्यांच्या कागदावर तर बापाचं 'नाही' होतं. बापालाही काही नाही, तो बाप होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आणि सुधारणा म्हणून वॉर्डाच्या दारावर एक पाटी लागली: 'बेडबाबत परिचारिकांशी बोलू नये. काउंटरवर चौकशी करावी.' ती पाटी मराठीत आहे. मी रोज तिच्याखालून आत जाते.

समीक्षा गेली त्या दिवसापासून वॉर्डातल्या पोरींनी माझ्यासोबत डबा खायचं सोडलं. तोंडावर कुणी काही बोललं नाही. मी आले की विषय बदलायचे, एवढंच. आमच्या वस्तीतल्या लोकांनी तर सरळ विचारलं, "आपल्याच समाजाची पोरगी बुडवलीस, बाई?" सरजाबाई एकदाच बोलल्या, कपाटात औषधं लावता लावता. "खरं बोललीस ते बोललीस. पर ते खरं कुणाच्या कामी आलं, ते सांग मला."

मी सांगितलं, "शिल्पाला घरात ठेवून घेतलं." खोटं नव्हतं ते. रामलिंग मृत्यूचा दाखला न्यायला आला होता तेव्हा मी त्याला गाठलं होतं. "हाय की घरी," तो म्हणाला. "कुठं जाती? पर बोलत न्हाई. ना मराठी ना कानडी. जेवाया वाढलं तर खाती, न्हाई वाढलं तर बसून ऱ्हाती. नको सुदिक म्हणत न्हाई." मग माझी नजर चुकवत म्हणाला, "सिस्टर, त्या दिवशी तुमी मला तसं चारचौघात विचाराया नको होतं." मी त्याला काय म्हणाले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पण रात्रंदिवस डोक्यात होती ती समीक्षा. माझी जुनी मैत्रीण मंजुश्री लातूरला एका दवाखान्यात लहान मुलांच्या विभागाची इन्चार्ज आहे. तिला सगळं खरं सांगितलं, काही लपवलं नाही. ती म्हणाली, "नस काढणारा हात आहे ना? पाठवून दे. बाकी मी बघते." मला इतका आनंद झाला की मी सुट्टी टाकली आणि एसटीनं मुखेड गाठलं. बाजाराचा दिवस होता, स्टँडपासून भाजीचे ढीग, मिरच्यांचा ठसका. वाटेत मी पावशेर पेढे घेतले. पेढे! माझी अक्कल बघा.

समीक्षा अंगणात बसून तूर निवडत होती. वाळली होती. तिची आई नागुबाई मला बघून उठली, "जय भीम, ये माय," म्हणाली, आत चहा टाकायला गेली. तिला ऐकू कमी येतं, आणि माझ्यामुळं पोरीची नोकरी गेली हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. तिच्या आदरानंच मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी लातूरचं सांगितलं. मंजुश्री कशी आहे, राहायची सोय कशी, वॉर्ड किती चांगला, पोरं किती गोड. एकटीच बोलत होते. समीक्षा सुपातली तूर बोटानं इकडून तिकडं करत होती.

"ताई," शेवटी ती म्हणाली, "तुम्हाला कधी कळलं होतं? त्या शब्दाचं?"

"त्याच दिवशी. चहा दिला तेव्हा."

"म्हणजे आठवडाभर आपण सोबत डबा खाल्ला."

मी पेढ्यांच्या पुड्याची दोरी सोडून परत बांधली.

"तुम्ही खरं बोललात त्याचा मला राग न्हाई," ती म्हणाली. "बोलायलाच पायजे होतं. पर मला एकटीला आधी सांगितलं असतं तर मीच बोलले असते, ताई. त्या बाईजवळ जाऊन, तिचे पाय धरून बोलले असते. साहेबांच्या समोर मी म्हणले असते की तिनं नको म्हणलं होतं आन् मला कळलं न्हाई. तुम्हाला वाटलं मी लपवीन." ती एवढंच म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मी भांडले असते.

मला सरजाबाईंचा राग आला, शेषेराव साहेबांचा आला, रामलिंगचा तर येतोच. पण तिथं मुखेडच्या अंगणात त्यातलं कुणी नव्हतं. तिथं मी होते आणि पेढ्यांचा पुडा होता. शिल्पा आई असून तिला कुणी काही विचारलं नाही म्हणून मी एवढी पेटले होते, आणि या पोरीला मी तरी कुठं विचारलं होतं?

"झालं ते झालं," मी कशीबशी म्हणाले. "मंजुश्रीला फोन लावू ना? उद्यापासून ये म्हणते ती."

समीक्षानं सूप बाजूला ठेवलं. पेढ्यांचा पुडा उचलला, माझ्या मांडीवर परत ठेवला, आणि माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "ब्याड."

नागुबाई तेवढ्यात चहा घेऊन दारात आली होती. तिनं तो शब्द ऐकला, आणि तिचा चेहरा एकदम उजळला. पोर बऱ्याच दिवसांनी काहीतरी मागत होती.

"बेड?" ती माझ्याजवळ येऊन, कप पुढं करत म्हणाली. "कुणासाठी बेड मागून राहिली गं ही? कुणी दुखणाईत हाय का? बघ की माय, असंल तर दे तिला. कधी न्हाई ते मागून राहिली."